पेटीची सरासरी आणि पेटीतला आंबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हापूसच्या वजनावरची आपली बातमी वाचली. गेल्या वर्षी फळाफळांत बराच फरक होता, यंदा तो एकदम कमी झाला, म्हणजे बागायतदारांनी फळ सुधारलं, असा तिचा सूर. कौतुक कुणाला नको? पण सोबतचे तक्ते नीट पाहिले तर गेल्या वर्षी एकेक आंबा तोललाय आणि यंदा चार डझनी पेटीतल्या फळांचं वजन करून त्याला ४८ ने भागलंय. मग फरक कमी दिसणारच!

परवा आमच्या शेडमध्ये निवड व्हायच्या आधीचे ४८ आंबे उचलले आणि एकेक काट्यावर ठेवत गेलो. सगळ्यात बारका १८८ ग्रॅम, सगळ्यात मोठा ३१२. सरासरी २४८, प्रमाण विचलन (म्हणजे फळं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात ते) २८ ग्रॅम. अशाच न निवडलेल्या फळांच्या पेट्या भरत गेलो, तर त्यांच्या सरासऱ्यांचं विचलन २८ भागिले ४८ चं वर्गमूळ, म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम. पेटीत जड फळ हलक्याला सांभाळून घेतं. बाग तीच, फवारणी तीच. फरक सातपट आटला तो निव्वळ भागाकारानं.

बरं, हे वर्गमूळही फळं सरमिसळ असतील तरच लागू. एका कलमाची फळं एका पेटीत गेली, किंवा आकार बघून भरली, तर पेटीच्या आत सगळं सारखं आणि पेटी-पेटीत मात्र तफावत. तेव्हा यंदाच्या आकड्याला सातानं गुणून मोकळं होता येणार नाही. पेट्या भरल्या कशा, ते आधी कळायला हवं.

ही मास्तरकी वाटेल (गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, खोड जात नाही). पण बातमी आल्यावर मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर सुनावलं, "पेपरात तर फळ एकसारखं झालंय म्हणतात, मग तुमच्या पेटीत तीन बारकी कशी?" आणि डझनामागे पन्नास रुपये कापले.

हंगाम आहे तोवर यंदाचेही सुटे आंबे तोलून तक्ता पुन्हा छापावा, ही विनंती. काटा लागला तर आमचा न्या. फक्त शेडमध्ये आलात तर अढीवरचं गवत उचलून बघू नका.

आपला,
एक बागायतदार, ता. देवगड