समुपदेशन कक्षाच्या दाराशी

महोदय,

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि विद्यापीठांतील बहुतेक विद्यार्थी नेमके याच वयाचे असतात. मी शिकवत होतो तेथे समुपदेशन कक्ष परीक्षा विभागाला लागूनच होता. गुणपत्रिकेसाठी रांगेत उभ्या असलेल्या वर्गमित्रांसमोरून आत जायचे आणि दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, वर्ग व ‘येण्याचे कारण’ लिहायचे, अशी पद्धत होती. (कारण एका ओळीत मावले असते, तर तो मुलगा आला असता कशाला?) समुपदेशकांची संख्या वाढेल तेव्हा वाढो, विद्यापीठांनी निदान ती वही हटवावी आणि परीक्षेच्या काळात कक्ष संध्याकाळीही उघडा ठेवावा.

– एक निवृत्त प्राध्यापक