रुळावरच्या भेगा: वंगणाआधी कोन पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘घर्षण कमी केले की रुळावरच्या भेगा थांबतात’ हे आपल्या अंकातील लेखाचे विधान अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

चाक नुसते गडगडत जाते तेव्हा सर्वांत मोठा शिअर ताण (थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर खाली असतो. आडवा जोर उभ्या भाराच्या साधारण 0.3 पटीपुढे गेला, की तो ताण थेट पृष्ठभागावर येतो. कोरड्या पोलादावर घर्षणांक (घर्षणाचा जोर दाबणाऱ्या भाराच्या किती पट, तो आकडा) 0.4 ते 0.6 असू शकतो. अशा वेळी प्रत्येक चाकासरशी वरचा थर थोडा थोडा ओढला जातो, त्याची ताणले जाण्याची क्षमता संपते आणि ओढलेल्या थरांच्या दिशेनेच भेग आत शिरते. त्यामुळे ती उभी न जाता पृष्ठभागाशी बहुधा 15 ते 30 अंशांचा कोन करते. इथवर लेखाशी मी सहमत आहे: रुळाच्या माथ्यावर घर्षणांक 0.30 ते 0.35 ठेवला, तर नव्या भेगांचे प्रमाण घटते.

भेग पडली की मात्र दुसरे घर्षण महत्त्वाचे ठरते, भेगेच्या दोन पृष्ठांमधले. चाक वर आले की ही पृष्ठे एकमेकांवर दाबली जातात. निव्वळ उभ्या दाबाचा ढोबळ हिशेब केला, तर कोनाचा टॅन घर्षणांकापेक्षा मोठा असेल तरच ती एकमेकांवर सरकतात. 20 अंशांचा टॅन 0.36. आतली पृष्ठे कोरडी असून घर्षणांक 0.5 असेल, तर भेग जखडलेली राहते. तेल शिरून तो 0.1 वर आला, तर 6 अंशांची भेगसुद्धा सरकेल. प्रत्यक्षात बाजूचा दाब आणि चाकाची ओढ यांमुळे आकडे बदलतात, पण कल हाच राहतो. भेगेचे टोक पुढे जाते ते मुख्यतः या सरकण्यामुळे.

त्यात द्रवाचा दाब भर घालतो. संशोधक स्ट्युअर्ट वे यांनी 1935 मध्येच दाखवले होते की गडगडत्या पृष्ठभागांवर खड्डे पडण्यात वंगणाचा हात असतो. इंजिनाचे चाक रुळाला मागे ढकलते, त्यामुळे चाकापुढचा पृष्ठभाग ताणला जाऊन भेगेचे तोंड उघडते आणि पाणी किंवा तेल आत जाते. गाडीच्या दिशेने खाली उतरलेल्या भेगेचे तोंड चाकाखाली आधी येते, टोक नंतर. तोंड मिटते, द्रव कोंडतो आणि टोक फाकवतो. सर्वांत वाईट क्रम म्हणजे आधी कोरडे, मग ओले: कोरड्यात भेगा तयार होतात, ओल्यात वाढतात. सतत कोरड्या रुळावर निदान झीज तरी कोवळ्या भेगा खाऊन टाकते.

तपासणीतही कोन विसरला जातो. एडी करंट यंत्र (पोलादात विजेचे भोवरे निर्माण करून पृष्ठभागाजवळच्या भेगा शोधणारे) भेगेची तिरकी लांबी सांगते, खोली कोन गृहीत धरून काढावी लागते. 6 मिमी लांबीची भेग 20 अंशांत असेल तर खोली 2 मिमी, 30 अंशांत 3 मिमी. कोन चुकला तर ग्राइंडिंगनंतर (रुळाचा वरचा थर घासून काढल्यावर) 1 मिमी भेग आत तशीच राहते. पुढे ती वर वळली तर पापुद्रा सुटतो, खाली वळली तर रूळ आडवा तुटतो. वरच्या भेगांची गर्दी अल्ट्रासॉनिक लहरी अडवत असल्याने खाली वळलेली भेग तपासणीत निसटू शकते. इंग्लंडमध्ये हॅटफील्ड येथे 17 ऑक्टोबर 2000 रोजी भेगाळलेला रूळ गाडीखाली फुटला आणि 4 जणांचा जीव गेला.

तेव्हा क्रम असा हवा: आधी ग्राइंडिंग, मग पुन्हा एडी करंट, भेगेचे टोक उरले नसेल तरच माथ्यावर फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण हव्या त्या पातळीवर ठेवणारा लेप). वळणावर रुळाच्या आतल्या कडेला लावलेले ग्रीस भेगाळलेल्या कोपऱ्यावर चढत नाही ना, हे प्रत्येक फेरीत पाहावे.

आपला,
रूळ देखभालीतील एक अभियंता