स्वयंसेवेची सुरुवात कुठून करायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमधील अनेक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शहरासाठी काही करण्याची मनापासून इच्छा असते. परंतु कोणाकडे जावे, कोणत्या वेळी जावे आणि आपल्याला नेमके काय जमेल, हे सांगणारे कोणी भेटत नाही. गेल्या दीड वर्षातला हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मी वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षात शिकते. मूळची निफाड तालुक्यातली आणि शिक्षणासाठी कॉलेज रोडलगत खोली घेऊन राहणारी असल्यामुळे शहरात ओळखीचे कोणी नव्हते.

प्रथम वर्षाला मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दरवर्षी १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. शिबिरातले सात दिवस माझ्यासाठी फार मोलाचे ठरले. उरलेले तास मात्र बहुतांशी एकेका दिवसाच्या उपक्रमांत गेले. एका रविवारी आम्ही गाडगे महाराज पुलापासून रामकुंडाच्या दिशेने घाटाची स्वच्छता केली आणि निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या व पाण्यात सोडलेले जुने कपडे गोळा केले. आठवड्याभराने मी त्याच वाटेने गेले, तेव्हा तिथे पुन्हा तेवढाच कचरा होता. श्रमदान व्यर्थ आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण एका रविवारी शंभर जणांनी येण्यापेक्षा दर रविवारी पाच जणांनी येणे नदीच्या अधिक उपयोगाचे आहे, हे मला त्या दिवशी पटले. गणेश विसर्जनाच्या दिवशी 'देव द्या, देवपण घ्या' असे म्हणत गोदाकाठी मूर्ती स्वीकारणारे विद्यार्थी नाशिककरांच्या परिचयाचे आहेत. त्या हाकेला लोक प्रतिसाद देऊ लागले, कारण ती दरवर्षी न चुकता दिली गेली.

त्यानंतर मी स्वतःच काम शोधू लागले. एका वृद्धाश्रमात गेले असता, वाढदिवसाच्या निमित्ताने जेवण द्यायचे असेल तर तारीख ठरवा, असे सांगण्यात आले. नुसते बसून बोलायला किंवा वर्तमानपत्र वाचून दाखवायला आले तर चालेल का, या प्रश्नावर तिथल्या व्यवस्थापकांना काय उत्तर द्यावे ते सुचेना. दुसऱ्या एका संस्थेने माझा फोन नंबर लिहून घेतला, परंतु पुढे काही कळवले नाही. या संस्थांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. विद्यार्थी एकदा येतात, फोटो काढतात आणि परत फिरकत नाहीत, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असणार. आपण आरंभशूर आहोत हे आम्हा विद्यार्थ्यांनाही मान्य करावे लागेल.

शेवटी काम मिळाले ते केवळ योगायोगाने. आमच्याच महाविद्यालयात तृतीय वर्ष कला शाखेत शिकणाऱ्या एका अंध ताईंना परीक्षेसाठी लेखनिक हवा होता. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराने स्वतः लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावे लागत होते आणि प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळत होती, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालायचा. त्या चार तासांत मी जे शिकले, ते कोणत्याही शिबिरात शिकले नव्हते. ताई जे सांगतील तेच लिहायचे, स्वतःला सुचलेला चांगला शब्द घालायचा नाही, प्रश्न दोनदा सावकाश वाचायचा, खोडलेले वाक्यही त्यांना वाचून दाखवायचे. पहिल्याच पेपरला माझी गती कमी पडली आणि त्यांचे शेवटचे उत्तर अपुरे राहिले. त्याची रुखरुख मला आजही आहे. त्यानंतर आम्ही दर शनिवारी दोन तास एकत्र बसू लागलो. मी त्यांची पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचते, त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घेतात आणि मग थोडा वेळ उत्तरे सांगण्या-लिहिण्याचा सराव होतो. लेखनिक मिळणे एवढे अवघड का, हेही तेव्हाच उमगले. ज्या दिवसांत त्यांची परीक्षा असते, त्याच दिवसांत लेखनिक होऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यांचीही परीक्षा असते. वेळापत्रके आधीच जुळवून पाहिल्याशिवाय हा पेच सुटणारा नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, प्रत्येक महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी शहरातील संस्थांकडून त्यांची खरी गरज लिहून घ्यावी: कोणते काम, आठवड्यातून किती तास, कोणत्या वेळी आणि कोणाला भेटायचे. अशी यादी महाविद्यालयांत आणि १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या ठिकाणी फलकावर लागली, तर बाहेरगावाहून आलेल्या माझ्यासारख्या मुलीला दारोदार विचारत फिरावे लागणार नाही. वाचक आणि लेखनिक म्हणून दिलेले तासही १२० तासांत आवर्जून धरले जावेत. संस्थांनीही नव्या विद्यार्थ्याला पहिले तीन-चार आठवडे काम शिकवण्यासाठी एखादी व्यक्ती नेमून द्यावी.

सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात स्वयंसेवकांची मागणी मोठ्या प्रमाणावर वाढणार आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले होते, हे लक्षात घेता ऐनवेळी टोपी आणि ओळखपत्र देऊन उभे केलेले विद्यार्थी गर्दीत कितपत उपयोगी पडतील, याची मला काळजी वाटते. आठवड्याचे दोन तास नेमाने देण्याची सवय असलेले विद्यार्थी मिळाले, तर त्यांना प्रशिक्षण देणेही सोपे जाईल.

उन्हाळी परीक्षांसाठी लेखनिकांची शोधाशोध फेब्रुवारीतच सुरू होते. त्याआधी निदान एका महाविद्यालयाने तरी इच्छुक लेखनिकांची नावे, त्यांची इयत्ता आणि त्यांच्या परीक्षांच्या तारखा अशी नोंदवही तयार करावी. ती तयार करण्याच्या कामात मी स्वतः सहभागी होण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,
द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी,
कॉलेज रोड, नाशिक