‘हात लावू का?’ असं आधी विचारणाऱ्या पोलीस मॅडमना

मॅडम, सलाम आणि नमस्कार दोन्ही.

तुम्हाला मी आठवणार नाही. भरती परीक्षेच्या त्या सकाळी गेटवर तुमच्यासमोरून शेकडो पोरी गेल्या असतील, त्यात काळा बुरखा, निळा स्कार्फ आणि हातात हॉलतिकीट-आधार कार्डचं पारदर्शक पाऊच घेतलेली एक मी होते. तुमच्या शर्टावरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलंय आणि ते आता पाठ झालंय, पण इथं लिहीत नाही. तुम्हाला न विचारता लिहिणं बरं नाही, आणि चांगलं वागल्याबद्दलसुद्धा खात्यात कोणी तुम्हाला चार प्रश्न विचारलेले मला चालणार नाहीत.

तुमच्या आधी काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय लोकांना कळणार नाही की एवढ्याशा गोष्टीवर एवढं मोठं पत्र का. याच्या आधीच्या एका भरतीला माझं सेंटर दुसऱ्या शहरात आलं होतं. गेटवर एक माणूस मेटल डिटेक्टर घेऊन उभा, मुलींच्या रांगेला बाई एकही नाही. त्याने माझ्याकडे न बघताच हात हलवला आणि म्हणाला, हे सगळं काढा नाहीतर बाजूला व्हा, मागे लाइन लागलीय. मी म्हटलं काढते, चेहरा दाखवते, कान दाखवते, फक्त एखाद्या खोलीत एखाद्या मॅडमसमोर. तर म्हणाला मॅडम-बिडम कोणी नाही, वरून ऑर्डर आहे. ऑर्डर दाखवा म्हटलं तर आवाज चढवला. माझ्या पुढच्या मुलीला जोडवी काढायला लावली होती, ती साबण नाही पाणी नाही, तशीच ओढून ओढून रडकुंडीला आली होती, म्हणजे त्रास फक्त मलाच झाला असं अजिबात नाही. गेट बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. मी तिथंच, शे-दोनशे लोकांसमोर, त्यात मुलांची पण रांग, स्कार्फ सोडला आणि अब्बांच्या हातात दिला. अब्बा गेटबाहेर तो स्कार्फ धरून खाली मान घालून उभे होते, ते मी वळून बघितलं आणि त्यानंतर पेपरमध्ये काय वाचलं काय टिक केलं मला खरंच सांगता येणार नाही. गणिताचे जे प्रश्न अभ्यासिकेत झोपेतसुद्धा सुटायचे ते समोर दिसत होते आणि डोक्यात शिरत नव्हते. परत येताना एसटीत अब्बा काहीच बोलले नाहीत आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाले, बेटा राहू दे, सरकारी नोकरीवाचून कोणाचं अडलंय.

म्हणून तुमच्या गेटवर आले तेव्हा माझे हात आधीच थरथरत होते. रिपोर्टिंग टाइमच्या तासभर आधी आले होते, कागद दोनदा तपासले होते, काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, “तू ये गं इकडे, या खोलीत.” दार लावलंत, खिडकीची फळी ओढलीत. आणि मग ते विचारलंत. “मी हात लावू का, की तूच सोडतेस?”

मॅडम, हेच ते वाक्य ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय. तुम्हाला विचारायची काही गरज नव्हती. वर्दी तुमची, गेट तुमचं, घड्याळही तुमच्याच बाजूने. तुम्ही सरळ हात घातला असता तरी मी एक शब्द बोलले नसते, कारण परीक्षेला आलेली पोरगी त्या दारात काहीही सहन करते, वर्षभराचा अभ्यास पणाला लागलेला असतो. पण तुम्ही विचारलंत आणि उत्तराची वाट बघत थांबलात. मी म्हटलं मीच सोडते. तर तुम्ही तळहात पुढे केलात, मी एकेक पिन काढून देत गेले आणि तुम्ही त्या पिना, साडी नेसवणारी बाई धरते तशा, ओठांत धरल्यात. मग कानामागे टॉर्च मारून बघितलंत, केसांतून बोटं फिरवलीत, कॉलर बघितली, बाह्या वर करायला लावल्यात. अगदी नीट तपासलंत, काही सोडलं नाहीत. आणि झाल्यावर ओठांतली एकेक पिन काढून परत देत होतात, मी लावत होते. शेवटची हनुवटीखालची पिन माझ्या हाताला बसेना तेव्हा तुम्ही परत विचारलंत, “लावून देऊ?” आणि लावून दिलीत, माझ्या कातडीला टोचू नये म्हणून आतून स्वतःचं बोट धरून.

“जा आता, शांतपणे लिही,” एवढं म्हणालात आणि पुढच्या मुलीला हाक मारलीत.

त्या दिवशीचा पेपर मी माझ्या डोक्याने दिला. एवढंच. यापेक्षा मोठं काय सांगू.

आता थोडं रागाचं पण लिहिते, कारण ते आत साचलंय. मला नेहमी ऐकवतात की तुम्हाला सवलत कशाला पाहिजे, नियम सगळ्यांना सारखा. अहो मी तपासणी नको असं कधी म्हटलंच नाही! उलट माझ्यासारखीला कडक तपासणी पाहिजे. कॉपी करून कोणी माझ्या पुढे गेला तर जागा माझी जाते, मोठ्या क्लासची फी भरू न शकणाऱ्या पोरीची जाते. पण आपल्याकडे आरोग्य भरतीचा पेपर २०२१ मध्ये फुटला तेव्हा पकडले कोण गेले, खात्यातलेच अधिकारी आणि त्यांचे दलाल. मुलींच्या डोक्यावरच्या कपड्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी प्रत्येक घोटाळ्यानंतर गेटवर सगळ्यात जास्त झाडाझडती होते ती मुलींच्या बाह्यांची, मंगळसूत्रांची आणि स्कार्फची.

आणि यातून वाट काढणं अवघड आहे असंही नाही, ती वाट कधीच काढून झालीय. २०१५ ला मेडिकल प्रवेशाची एआयपीएमटी फुटली, सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि जुलैमध्ये परत घ्यायला लावली, तेव्हा ती परीक्षा घेणाऱ्या सीबीएसईने कपड्यांचे कडक नियम लावले. केरळच्या दोन मुली हायकोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं, अर्धा तास आधी या, महिला पर्यवेक्षक तपासतील, गरज पडली तर स्कार्फ काढून दाखवा, मग घालून परीक्षा द्या. झालं, दोन्ही बाजूंचं भागलं. त्याच आठवड्यात सुप्रीम कोर्टाने मात्र एका संघटनेची याचिका ऐकली नाही, एक दिवस स्कार्फ न घातल्याने श्रद्धा जात नाही अशा अर्थाचं बोलले, आणि परीक्षेच्या दिवशी तिरुवनंतपुरमला सेंटरवर एका ख्रिश्चन सिस्टरला, म्हणजे ननला, डोक्यावरचं वस्त्र आणि क्रॉस काढा म्हणाले म्हणून ती पेपर न देताच परत गेली. हे वाचलं तेव्हा मला अब्बांच्या हातातला माझा स्कार्फ आठवला. २०१६ ला केरळ हायकोर्टाने परत तेच सांगितलं, अर्धा तास आधी या आणि तपासू द्या. पुढे मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या सूचनांमध्येसुद्धा आलं की पारंपरिक किंवा धार्मिक पोशाख असेल तर लवकर या, म्हणजे व्यवस्थित तपासता येईल. तरी २०२२ ला आपल्याच वाशिममध्ये नीटच्या सेंटरवर मुलींना बुरखा-हिजाब उतरवायला लावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. म्हणजे कागदावर असून उपयोग नाही, गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात पण असावं लागतं.

नोकरीच्या परीक्षांचं बघायचं तर शेजारी कर्नाटकात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळं-महामंडळांच्या भरतीला हिजाब चालेल असं तिथल्या उच्चशिक्षण मंत्र्यांनी सांगितलं. मग त्याच परीक्षेत ब्लूटूथची कॉपी पकडली गेली आणि नोव्हेंबरमध्ये डोकं-कान झाकणाऱ्या कपड्यांवर बंदी आली. गोंधळ झाल्यावर पुन्हा खुलासा केला की हिजाबवाल्या मुलींनी तासभर आधी यावं, तपासून आत सोडू. शेवटी फिरून तिथंच आले ना? लवकर या, बाई तपासेल. एक खोली, एक महिला कर्मचारी आणि थोडा वेळ, याच्यापलीकडे काय लागतं?

अजून एक, लोक फार गल्लत करतात म्हणून लिहिते. हिजाबबंदी कायम ठेवणारा कर्नाटक हायकोर्टाचा १५ मार्च २०२२ चा निकाल माझ्या तोंडावर फेकतात. तो कॉलेजच्या युनिफॉर्मचा विषय होता, आणि त्यावर सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. भरतीच्या परीक्षेला कुठला युनिफॉर्म असतो? तिथं लाल साडीवाली पण बसते, जीन्सवाली पण बसते, मला पण बसू द्या.

जाऊ दे. तुमच्या पत्रात त्यांचाच पाढा जास्त वाचला. पण मॅडम, तुमच्याबद्दल आमच्या गल्लीत किती जणींना सांगितलं असेल त्याला हिशोब नाही. सांगताना सगळ्या एकाच ठिकाणी थांबवतात मला. “विचारलं? खरंच विचारलं?” आमच्यातल्या कितीतरी पोरींनी या एका गेटच्या भीतीने फॉर्म भरणं सोडलंय, हुशार पोरी, टेस्ट सिरीजला माझ्यापेक्षा जास्त मार्क घेणाऱ्या. त्यांना कोर्टाचा निकाल वाचून दाखवला तर मान हलवतात आणि आपल्या कामाला लागतात, तुमची गोष्ट सांगितली तर लगेच विचारतात सेंटर कुठलं होतं. माणुसकी माणुसकी म्हणतात ती मला तरी अशीच भेटलीय, ड्युटीवरच्या, उन्हात उभ्या, थकलेल्या बाईकडून. तुम्हाला त्या दिवशी पाणी प्यायला पण वेळ मिळाला नसेल, आणि तुमच्या मागे सुपरवायझर दोनदा ओरडून गेला होता लवकर करा म्हणून, मी ऐकलं ते. तुम्ही “हो सर” म्हणालात आणि माझी पिन लावायची तेवढी लावलीतच.

उत्तरतालिका आलीय, मार्क बरे दिसतायत, मेरिट लागायचीय. लागेल तेव्हा लागेल. परवा पुढच्या भरतीची जाहिरात आली तर ती अब्बांनीच मोबाईलवर आणून दाखवली, फॉर्म भरताना शेजारी खुर्ची ओढून बसले आणि फी पण त्यांनीच भरली. सेंटरच्या पसंतीक्रमात पहिलं नाव तुमच्या शहराचं टाकलंय.

तुमची,
निळ्या स्कार्फवाली