पोटात बॅक्लोफेनचा पंप असलेल्यांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

महोदय,

पोटात बॅक्लोफेनचा, म्हणजे ताठरलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा, पंप बसवलेला माणूस ताप, खाज आणि ताठरलेले हातपाय घेऊन ग्रामीण रुग्णालयात आला, तर पहिल्या तासात काय करायचे, हे तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हाताशी लेखी असायला हवे. आमच्या वेळी ते नव्हते आणि माझा भाऊ त्यात जाता जाता वाचला.

भाऊ आंबे उतरवताना झाडावरून पडला. कोकणात अशी घरे गावागावांत सापडतील. मज्जारज्जूला मार लागला, कमरेखाली संवेदना राहिली नाही, पण पाय मात्र शांत राहिले नाहीत. रात्री दोन्ही पाय आपोआप पोटाशी आखडायचे, मांड्या एकमेकींवर अशा घट्ट बसायच्या की कपडे बदलायला दोघे लागायचे. कातडी घासून जखमा झाल्या. बॅक्लोफेनच्या गोळ्या वाढवत नेल्या, तेव्हा पाय थोडे सैल झाले, पण तो दिवसभर गुंगीत पडून राहू लागला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी पाठीतून चाचणीचा डोस देऊन पाहिला आणि पंप बसवला.

हा पंप म्हणजे पोटाच्या कातडीखाली ठेवलेली, तळहातात मावेल अशी गोल चपटी धातूची चकती. त्यातून निघालेली बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, पाठीकडे वळून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडते. औषध नेमक्या जागी पोहोचत असल्याने ते गोळीच्या शंभराव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही कमी पुरते. अमेरिकेत १९९२ मध्ये मज्जारज्जूच्या आजारांसाठी आणि १९९६ मध्ये सेरेब्रल पाल्सीसारख्या मेंदूच्या आजारांसाठी त्याला मान्यता मिळाली. पंप वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याच्यामुळे भाऊ व्हीलचेअरवर बसून दुकान सांभाळू लागला, रात्री झोपू लागला. ज्यांना गरज आहे त्या प्रत्येकाला तो मिळावा, असेच मला वाटते.

पण तो बसवला म्हणजे काम झाले असे नाही. दर काही महिन्यांनी कातडीतून सुई घालून औषध भरावे लागते. बॅटरी पाच-सात वर्षांत संपते, मग पंपच बदलावा लागतो. जखमेत जंतुसंसर्ग झाला तर तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो आणि अनेकदा सगळे काढून टाकावे लागते. कॅथेटर मुडपते, तुटते, जागेवरून सरकते. औषध अचानक थांबले तर शरीर उलटते. आधी खाज, मग पूर्वीपेक्षा भयंकर ताठरपणा, मोठा ताप, भ्रम. पुढे स्नायू विरघळून किडन्या बंद पडतात, माणूस दगावू शकतो. औषधाच्या माहितीपत्रकावर चौकट घालून हा इशारा छापलेला असतो.

भावाला आधी फक्त खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, काही नाही. आम्ही घरात साबण बदलला. संध्याकाळी पाय लाकडासारखे झाले, रात्री ताप चढला आणि तो असंबद्ध बोलू लागला. पंपाचा अलार्म वाजला नव्हता, म्हणून आम्हाला पंपाची शंकाच आली नाही. औषध संपत आले किंवा मोटर थांबली तर पंप आवाज करतो. कॅथेटर मुडपले तर तो गप्प राहतो, हे आम्हाला नंतर कळले. रुग्णालयात लघवीचा जंतुसंसर्ग समजून सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झाले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मज्जारज्जूच्या रुग्णाला ताप आला की कुणीही आधी तेच धरेल. त्यांनी पंपाचे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि सरळ सांगितले, "मी हे आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." रविवार होता. मुंबईला फोन लावत राहिलो, अखेर एका निवासी डॉक्टरांनी उचलला आणि त्यांनी इथल्या डॉक्टरांना फोनवर समजावले : बॅक्लोफेनच्या गोळ्या मोठ्या मात्रेत द्या, झटक्यांसाठी डायझेपाम द्या, श्वासावर लक्ष ठेवा आणि ताबडतोब हलवा. रुग्णालयात गोळ्या नव्हत्या. बाजारातल्या मेडिकलवाल्याला झोपेतून उठवले, त्याच्याकडे एकच स्ट्रिप निघाली.

गोळ्यांनी फक्त थोडा वेळ मिळतो. खरा इलाज म्हणजे औषध पुन्हा पाठीतल्या पाण्यात पोहोचवणे, आणि त्याची सोय आमच्यापासून कित्येक तासांवर आहे.

म्हणून माझी मागणी एका कागदापासून सुरू होते. राज्यातल्या प्रत्येक ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पंपाच्या रुग्णासाठी एकपानी सूचना लावा. त्यात दोन्ही बाजू हव्यात. औषध थांबल्याची लक्षणे वर सांगितली तशी. जास्त गेल्याची अगदी उलट : अंग ढिले पडणे, गुंगी, मंदावणारा श्वास, बेशुद्धी. रिफिल करताना सुई पंपात न जाता बाजूच्या कातडीखाली औषध गेले तरी असे होऊ शकते. सोबत बॅक्लोफेनच्या गोळ्या तिथे कायम ठेवा. त्या महाग नाहीत. आणि चोवीस तास उचलला जाईल असा, पंपाची माहिती असलेल्या डॉक्टरांचा एक फोन नंबर द्या. १०८ च्या डॉक्टरांनाही तो कागद मिळू दे.

दुसरी गोष्ट रिफिलची. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ते खाते वेगळे आहे याची मला कल्पना आहे, पण रुग्णाला दोन खात्यांतला फरक काय उपयोगाचा? तिथल्या एक-दोन डॉक्टरांना आणि नर्सना मुंबईत प्रशिक्षण देता येईल. हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहेच. औषध भरणे आणि प्रोग्रामर नावाच्या यंत्राने पंप तपासणे एवढे जरी जवळ झाले, तरी पाठीला जखमा असलेल्या माणसाला दर वेळी महामार्गावरून मुंबईला न्यावे लागणार नाही. विदर्भ, मराठवाड्यातल्या कुटुंबांची फरफट याहून वेगळी नसणार.

पंप कुणाला, कधी बसवला, बॅटरी कधी संपणार, याची राज्याने नोंदवही ठेवावी. बिघाड झाल्यास वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून चालू असलेल्या केंद्राच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे तो कळवला जातो का, हेही खात्याने पाहावे. भावाचे कॅथेटर बदलले, तेव्हा असे काही कळवता येते हे आम्हाला कुणी सांगितले नाही. आणि जनआरोग्य योजनेत पंपाचा विचार कराल तेव्हा रिफिल, तपासणी आणि पंप बदलण्याचा खर्च त्यात धरा. नाहीतर पैशाअभावी रिफिल चुकेल आणि जीव जाईल तो त्यामुळे.

भावाची पुढची रिफिल भर पावसाळ्यात येते. परशुराम घाटात दरड आली की रस्ता बंद, आणि रेल्वेचाही भरवसा नसतो. पंपातले औषध मात्र ठरलेल्या तारखेला संपणार. तोवर रत्नागिरीत सोय होणार की नाही, एवढे तरी आपल्या कार्यालयाने आम्हाला लेखी कळवावे.

आपली नम्र,
चिपळूण तालुक्यातील एका रुग्णाची बहीण