शुक्र तापला तो त्याच्या हवेमुळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या मुलांच्या पानावर ग्रहांची चौकट वाचली आणि तेव्हापासून चैन नाही. शुक्र सूर्याजवळ म्हणून सर्वांत तापलेला, आणि पृथ्वीच्या हवेत मुख्य वायू ऑक्सिजन! दोन्ही वाक्ये चूक आहेत.

जवळ असण्यानेच ग्रह तापत असेल, तर बुध त्याहून जवळ आहे. पण बुधावर हवा जवळपास नाहीच, त्यामुळे रात्री तो उणे १८० अंशांपर्यंत गारठतो. शुक्राच्या हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता कोंडून ठेवणारा वायू, आणि दाब आपल्या ९० पट; तिथे दिवसरात्र साधारण ४६० अंश. मंगळावरही ९५ टक्के तोच वायू, पण हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही, म्हणून तो थंड. टक्केवारी सांगायची तर हवा किती तेही सांगा. आपल्याकडे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेल्यात बहुतेक आर्गॉन. हे सातवी-आठवीच्या मुलांना येते.

मी एवढी चिडले त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जांबोटीकडची माझी एक विद्यार्थिनी चुन्याची निवळी घेऊन उभी होती. नळीने फुंकले की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ व्हायची. शेजारी यादवाडकडून आणलेला चुनखडीचा खडा. त्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले की फसफस. ती सांगत होती, शुक्राच्या हवेत आहे जवळपास तेवढा कार्बन डायऑक्साइड आपल्याकडेही आहे, पण पाण्याने तो अशा दगडांत कोंडून ठेवलाय. शुक्रावर पाणीच राहिले नाही, म्हणून तो हवेतच राहिला. परीक्षकांनी कन्नडमधून विचारले, आपल्या हवेत जास्त काय? ती चटकन म्हणाली, ‘सारजनक’. आमच्याकडच्या मुलांना नायट्रोजनची दोन्ही भाषांतली नावे ठाऊक असतात. परीक्षकांनी फाईलमधून तुमच्याच पानाचे कात्रण काढले. ‘पेपरात ऑक्सिजन छापून आलंय की!’ मी वाद घातला, पण कात्रणापुढे माझे काही चालले नाही. नंबर गेला. निवळीचा ग्लास दोन्ही हातांत धरून पोर तशीच उभी होती. पांढरा साका हळूहळू तळाशी बसला, तरी तिने ग्लास खाली ठेवला नाही.

तीच चूक आता पुन्हा छापून आली आहे. सीमाभागातल्या मराठी शाळांत पाठ्यपुस्तकापलीकडे मुलांच्या हाती मराठीत विज्ञान म्हणून पडते ते तुमचे पान. ते कापून वहीत चिकटवतात, भिंतीवर लावतात. म्हणून तर त्या पानाचा मला राग येतो. परक्या पेपरात आले असते तर मी पत्र लिहिले नसते.

जाता जाता आणखी एक. दर आठवड्याचे विज्ञानाचे सदर तुम्ही बंद केलेत आणि तिथे आता वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो असतात. जाहिरातींशिवाय पेपर चालत नाही हे मला कळते. पण जागा कापायला मुलांचेच पान का सापडावे?

दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी. आतल्या पानाच्या तळाला दोन ओळी नकोत. तिथून कुणी कात्रण काढत नाही.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)