तात्या, पडवीतल्या त्या संध्याकाळींसाठी

तीर्थस्वरूप तात्या,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "बाय, चाय घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. पोर्तुगालमधल्या लिस्बनहून परतल्यापासून रत्नागिरीतल्या दोन-तीन कॉलेजांतल्या मुलींनी मला विचारलंय, "मॅडम, परदेशातल्या परिषदेला जायचं तर सुरुवात कुठून करायची?" त्यांना मी जे सांगते ते बहुतेक सगळं तुमचं आहे, आणि ते तुमचं म्हणूनच त्यांच्यापर्यंत जावं असं मला वाटतं.

फेब्रुवारीत भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवरचं, म्हणजे शिंपल्यांवरचं, माझं संशोधनाचं पोस्टर स्वीकारल्याचं पत्र आलं. परिषद जूनमध्ये लिस्बनला होती. मी पेढे घेऊन तुमच्या पडवीत आले, तर तुम्ही पेढा बाजूला ठेवून पासपोर्ट मागितलात. पत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरून म्हणालात, "पासपोर्टवर माहेरचं नाव, पत्रावर सासरचं. इथे सगळे तुला ओळखतात. तिकडच्या खिडकीवरच्या माणसाला ह्या दोन वेगळ्या बाया वाटतील." कॉलेजात, बँकेत, पगारपत्रकावर मी सासरचंच नाव लावते. त्यामुळे परिषदेच्या अर्जातही तेच लिहिलं होतं. एवढ्या जणांनी ते पत्र पाहिलं, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच रात्री मी आयोजकांना लिहिलं आणि नवं निमंत्रणपत्र मागवलं: नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्टचा क्रमांक, परिषदेच्या तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट. पोस्टर स्वीकारल्याची ईमेल आणि व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. कॉलेजच्या ना हरकत पत्रातही मग तसंच नाव घालून घेतलं.

व्हिसाचं मी मे महिन्यात बघणार होते. तुम्ही मार्चमध्येच मुंबईच्या व्हिसा केंद्राची तारीख घ्यायला लावलीत. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण अडला तर ४५ दिवसही जातात. शिवाय उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांची झुंबड असते, तेव्हा केंद्रात वेळच मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एकाला नेमकं ह्याच कारणाने यंदा जाता आलं नाही. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. तुम्ही हे माझ्याच वहीत माझ्याच हाताने लिहून घेतलंत.

कार्डांचा तुमचा फारसा संबंध नव्हता, तरी "पैशाचं बँकेत जाऊन विचार" म्हणून मला पाठवलंत. तिथे कळलं की माझ्या कार्डाचा परदेशातला वापर बंदच होता. तो आपणच चालू करावा लागतो. तिकडच्या दुकानात यंत्र विचारतं, युरो की रुपये? तिथे युरोच निवडायचं, नाहीतर दर वाईट लागतो. आणि ओटीपीसाठी इथलं सिम चालू ठेवायचं.

पण तात्या, मला सगळ्यात जास्त आठवतात त्या संध्याकाळी. तुम्ही आरामखुर्चीत, मी समोर उभी, हातात कागदांची फाइल. तुम्ही विमानतळावरचा अधिकारी होऊन इंग्रजीत विचारायचात: कशासाठी आलात? किती दिवस? कुठे उतरणार? परत कधी? माझं उत्तर लांबलं की तुम्ही हात वर करायचात. "विचारलं तेवढंच. तिसऱ्यांची गोष्ट त्याला सांगू नको, त्याच्या पाठी दोनशे माणसं उभी आहेत." तीस वर्षं जहाजावर काढलेला, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरलेला माणूस मला उभं राहायला शिकवत होता. माझी भीती इंग्रजीची नव्हतीच. अनोळखी माणसासमोर आपला कागद कमी पडेल, ही होती. सहाव्या संध्याकाळी ती गेली.

तुम्ही सांगितलं होतंत, पासपोर्टची तपासणी लिस्बनला नाही, पहिल्या शेंगेन विमानतळावर होणार. माझं विमान फ्रँकफर्टला बदलायचं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने हुबेहूब तुमचेच प्रश्न विचारले, निमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट पाहिलं, आणि मी पुढे गेले. कागद सामानात टाकले असते तर तिथेच अडकले असते.

आणि सामान! लिस्बनला पट्टा फिरून थांबला, माझी बॅग आलीच नाही. बाजूची एक बाई रडायला लागली होती. मला तुमचा आवाज ऐकू आला: "बॅग आली नाही तर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आधी तक्रार, तिचा नंबर, मग हॉटेल." नंबर घेतला. दुसऱ्या संध्याकाळी बॅग हॉटेलवर आली. तोवर कापडावर छापून घडी घातलेलं पोस्टर, औषधं आणि एक जोड कपडे माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते. सकाळी नऊला माझं पोस्टर भिंतीवर लागलं होतं. ह्या एका गोष्टीसाठीच मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

हापूसची शेवटची पेटी न्यायची माझी फार इच्छा होती. तुम्ही ठाम नाही म्हणालात. २०१४ साली फळमाशीमुळे युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, ती २०१५ मध्ये उठली, पण ताजा आंबा रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय प्रवाशाला नेता येत नाही. खव्याची मिठाईही नाही, दुधाचं काही चालत नाही. मग आंबापोळी आणि भाजलेले काजू नेले. काजू हा शब्द ऐकून तिथली माणसं खुलली, कारण त्यांच्या पोर्तुगीजमध्येही 'काजू'च. बटाटा, अननस, पाव सगळं ओळखीचं निघालं. हॉटेलच्या मुलीने 'शाव' म्हणून चावी हातात दिली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

बाकी तुमच्या सूचना एकेक करून खऱ्या ठरल्या. फरसबंदी गुळगुळीत आणि चढउताराची, रबरी तळाच्या चपलेशिवाय निभाव नाही. अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये पर्स पुढे धरायची. हॉटेलात न मागता आलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात, नको असेल तर परत करायचे. दिवसभर ऊन, पण संध्याकाळी वारा झोंबतो. तुम्ही सक्तीने ठेवायला लावलेलं स्वेटर रोज लागलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही सांगितली नव्हतीत. जूनमध्ये लिस्बनच्या जुन्या गल्ल्यांत घराघरांपुढे निखाऱ्यावर तारली भाजतात. इथे मासेमारी बंद, बाहेर धुवाधार पाऊस, आणि तिथे नऊ वाजेपर्यंत उजेड आणि सगळ्या गल्लीत तारलीचा वास. त्या वासात मला तुमची चूल दिसली, आणि मी तिथल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

तिथून आणलेले तारलीचे दोन डबे माझ्याकडे आहेत. रविवारी येते. भाकऱ्या मी करून आणेन, तुम्ही फक्त सोलकढी करून ठेवा.

तुमची,
बाय